ॲम्बॉय: रस्ता उत्तरेला सरकला तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात, जुन्या ‘रूट 66’ महामार्गाला दक्षिणेकडून ट्वेंटीनाइन पाम्सचा रस्ता मिळतो, त्या तिठ्याजवळ ॲम्बॉय ही वस्ती आहे. 1883 साली ती रेल्वेचे ठाणे म्हणून नकाशावर आली. पुढे मात्र तिला जगवले मोटारींनी. बारस्टो आणि नीडल्स यांच्या साधारण मध्यावर, रणरणत्या उन्हात इंजिन तापले की गाडी थांबणारच, आणि गाडी थांबली की माणसाला जेवण, खोली आणि मेकॅनिक लागणारच. 1938 मध्ये सुरू झालेले ‘रॉय्ज’, म्हणजे इथला पेट्रोल पंप, उपाहारगृह आणि मोटेल, याच थांबण्यावर चालले. लक्षात घ्या, श्रोतेहो, ॲम्बॉयची सारी कमाई थांबण्याची होती.

1973 मध्ये आंतरराज्य महामार्ग 40 काही मैल उत्तरेकडून सुरू झाला आणि ते थांबणेच संपले. महामार्ग आखणारे वाचलेली मिनिटे काटेकोर मोजतात. मागे पडलेली गावे त्यांच्या हिशेबात कधी येत नाहीत, हे माझे जुनेच गाऱ्हाणे आहे.

आता माझ्या आवडीची गोष्ट सांगतो. अल्बर्ट ओकुरा हे ‘हुआन पोयो’ या भाजलेल्या कोंबडीच्या उपाहारगृहांच्या साखळीचे मालक. 2005 साली त्यांनी हे गावच विकत घेतले! उपाहारगृह, मोटेल, पेट्रोल पंप, चर्च, शाळेची इमारत, असे सगळे मिळून 4,25,000 डॉलरना. त्या काळी दक्षिण कॅलिफोर्नियात एखाद्या घराला पडावी तेवढीच ही रक्कम. ‘रॉय्ज’चे जुने मालक बस्टर बरिस यांच्या पत्नीला त्यांनी शब्द दिला होता, की ‘रॉय्ज’ पुन्हा उघडेन. शब्द देणे सोपे होते, पण भूगर्भातले पाणी खारट, पिण्याचे पाणी बाहेरून आणायचे आणि कामगारही दुरून यायचे. पेट्रोल पंप सुरू व्हायला 2008 उजाडले. 1959 मध्ये उभारलेली निऑनची उंच पाटी पुन्हा पेटली ती थेट 2019 मध्ये. एरवी रात्री डोळ्यांत घुसणाऱ्या जाहिराती मला मुळीच आवडत नाहीत, पण या एका पाटीला मी माफी देतो, कारण मैलोनमैल अंधारातून येणाऱ्या चालकाला ती इथे पेट्रोल असल्याचे सांगते.

मोटेलच्या खोल्या मात्र ओकुरा यांच्या हयातीत प्रवाशांसाठी उघडता आल्या नाहीत. 2023 मध्ये त्यांचे निधन झाले आणि गावाची मालकी त्यांच्या कुटुंबाकडे गेली.