क्यू-शिराताकीचा थांबा

मित्रहो, आजच्या व्याख्यानाचा विषय ‘छोटी रेल्वे स्थानके का बंद पडतात’ असा जाहीर झालेला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी अनेक वर्षे मनात सलत असलेली एक गोष्ट मला मांडू द्या. जपानच्या होक्काइदो बेटावर एका शाळकरी मुलीसाठी रेल्वेने एक स्थानक चालू ठेवले, गाड्यांचे वेळापत्रकही तिच्या शाळेप्रमाणे आखले आणि तिची शाळा संपताच ते बंद केले, ही कथा आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर कुणा ना कुणा मामांनी किंवा काकूंनी पाठवलेली असेल. जिला ती आलेली नाही अशा व्यक्तीने हात वर करावा. पाहा, एकही हात वर नाही.

ही कथा जानेवारी 2016 मध्ये चीनच्या सरकारी वाहिनीच्या फेसबुक पानावरून जगभर गेली. तिच्यात स्थानकाचे नावच चुकले होते. कथेत कामी-शिराताकी हे नाव आहे. ती मुलगी चढत असे क्यू-शिराताकीला. शिराताकी म्हणजे पांढरा धबधबा. कामी म्हणजे वरचे, शिमो म्हणजे खालचे आणि क्यू म्हणजे जुने. सेकिहोकु मार्गावर ही शिराताकी नावाची स्थानके एकापाठोपाठ एक होती, त्यामुळे गफलत समजण्यासारखी आहे. पण वेळापत्रक तिच्यासाठी आखले होते, हे मात्र खरे नाही. एनगारु गावातल्या शाळेकडे नेणारी सकाळची एकच गाडी तिथे थांबत असे, दुपारनंतर परतीच्या तीन; आणि त्या गाडीने इतर विद्यार्थीही जात. (एनगारुला गाडीची दिशा उलटते, कारण दोन्हीकडचे रूळ तिथे एकाच बाजूने स्थानकात शिरतात; प्रवासी उठून आपापली आसने फिरवून घेतात. हे दृश्य मला फार आवडते.) स्थानक बंद झाले 26 मार्च 2016 रोजी, कारण जपानी रेल्वेचे नवे वेळापत्रक मार्चमध्ये लागू होते आणि शाळेचे वर्षही मार्चमध्येच संपते.

मला सलते ते एवढ्याचसाठी की या गोड कथेमुळे त्याहून मोलाची खरी गोष्ट झाकली गेली. क्यू-शिराताकी 1947 मध्ये सुरू झाले ते ‘तात्पुरता चढउताराचा थांबा’ म्हणून. असे थांबे टोकियोच्या मंजुरीवाचून, विभागीय रेल्वे कार्यालयाच्या अधिकारात, त्या त्या वस्तीची गरज पाहून उभे राहत. फलाट बहुधा लाकडी फळ्यांचा आणि देशभराच्या वेळापत्रकात अनेकदा नावसुद्धा नसे. आपल्याकडच्या हॉल्टची आठवण व्हावी, असे हे थांबे. शेतावरच्या माणसाला दवाखान्यात आणि मुलाला शाळेत जाता यावे ही सोय म्हणजे रेल्वेचे रोजचे काम होते आणि ते कुणा एकीवरची मेहेरबानी म्हणून कधीच केले गेले नाही. 1987 मध्ये राष्ट्रीय रेल्वेचे खासगीकरण झाले तेव्हा या थांब्यांना स्थानकाचा दर्जा मिळाला.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जाहीर केलेला मुद्दा आता थोडक्यात सांगतो. होक्काइदोतले मार्ग तोट्यात जाणार हे 1987 मध्येच माहीत होते. म्हणून तिथल्या कंपनीला सुमारे 682 अब्ज येनचा निधी देण्यात आला आणि त्याच्या व्याजातून तूट भरून निघावी अशी योजना होती. पुढे जपानमधले व्याजदर कोसळले आणि त्या योजनेचा पायाच खचला. वस्त्या ओसरल्या, रस्ते सुधारले, फलाटावरचा बर्फ मात्र दर हिवाळ्यात काढावाच लागे. 2016 च्या नोव्हेंबरात कंपनीने जवळजवळ निम्मे मार्ग एकट्याने चालवणे शक्य नसल्याचे जाहीर केले. त्यांत सेकिहोकुही होता.

कामी, क्यू आणि शिमो ही तिन्ही स्थानके एकाच दिवशी बंद झाली. कामीकावा आणि शिराताकी यांच्यामध्ये आता 37.3 किलोमीटरपर्यंत एकही स्थानक नाही. शिमो-शिराताकी क्रॉसिंगपुरते ठेवलेले आहे, कारण मार्ग एकेरी आहे. समोरून येणाऱ्या गाडीची वाट पाहत गाडी तिथे अजूनही उभी राहते, पण दार उघडत नाही.