ज्योत विझल्यावरचा ॲसिटिलीन

श्रोते हो, नमस्कार.

दुपारचा एक वाजला की ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या गल्ल्यांचा आवाज एकदम उतरतो. ग्राइंडर थांबतात, गॅसकटरची ज्योत विझते, टॉर्च, म्हणजे कटरचा ज्योतीचा दांडा, गॅसच्या बाटल्याच्या मानेत अडकवून मंडळी डबे उघडतात. रबाळे, महापे, पावणे, तळोजा, कुठेही जा, चित्र हेच. आणि बहुतेकांच्या मनात हिशेबही एकच असतो : ज्योत विझली, म्हणजे आता घोर नाही.

या हिशेबाबद्दलच मला आज बोलायचं आहे. गॅसकटरमध्ये ऑक्सिजनबरोबर जळतो तो गॅस म्हणजे ॲसिटिलीन. जळणारा ॲसिटिलीन डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो, अंगाला त्याची धग लागते. तीन हजार अंशांच्या वरच्या ज्योतीशी कुणी मस्करी करत नाही. नवा हेल्परसुद्धा पहिल्याच दिवशी आपोआप दोन पावलं मागे सरकतो. खरी धास्ती घ्यायची ती न जळणाऱ्या ॲसिटिलीनची. नळीत उरलेला, टाकीत साठलेला, बंद टेम्पोत कोंडलेला, बाटल्यात असताना तापलेला.

आधी या गॅसचा स्वभाव सांगतो, कारण तो एकदा कळला की नियम पाठ करावे लागत नाहीत. एलपीजी पेटायला हवा लागते. ॲसिटिलीनला स्फोट व्हायला हवेचीही गरज नाही. त्याच्या रेणूत कार्बनचे दोन अणू तिहेरी बंधानं जखडलेले असतात आणि त्या बंधात भरपूर ऊर्जा कोंडलेली असते. मोकळ्या ॲसिटिलीनचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोच्या, म्हणजे १५ पीएसआयच्या वर नेला, की एखादी ठिणगी, थोडी उष्णता, कधी नुसता हादराही त्याला पुरतो. रेणू तुटतात, कार्बन आणि हायड्रोजन वेगळे होतात आणि त्यातून निघालेली उष्णता पुढचे रेणू तोडत जाते. रेग्युलेटरच्या गेजवर १ किलोच्या पुढे लाल पट्टा असतो, तो यासाठी. ‘आज जाड प्लेट आहे, थोडा दाब वाढव’ असं सांगणारा मुकादम त्या पट्ट्याकडे पाहत नसतो. जाड प्लेट कापायला नोझल बदलायचं आणि ऑक्सिजनचा दाब तक्त्याप्रमाणे ठेवायचा. ॲसिटिलीनचा दाब लाल पट्ट्यात न्यायचा नाही.

आता कुणी विचारेल, मग भरलेल्या बाटल्यात १५ किलोच्या आसपास दाब असतो, तो कसा चालतो? चालतो, कारण त्या बाटल्यात मोकळा गॅस नसतोच. आत सच्छिद्र दगडासारखा भराव ठासलेला असतो, त्याच्या बारीक छिद्रांत ॲसिटोन मुरवलेलं असतं आणि त्या ॲसिटोनमध्ये गॅस विरघळलेला असतो. कारखान्यात आपण डीए गॅस, म्हणजे डिझॉल्व्ड (विरघळलेला) ॲसिटिलीन, म्हणतो तो हाच. गोटीसोड्याच्या बाटलीत गॅस पाण्यात दडून बसतो, तसाच. बाटली आडवी करून गोटी दाबली की गॅसच्या आधी फेसाळ पाणी हातावर येतं. डीएचा बाटला आडवा टाकून चालवला तर ॲसिटोन असंच बाहेर येतं. ते रेग्युलेटर आणि नळ्या खराब करतं आणि बाटल्यातला समतोलही बिघडवतं. म्हणून बाटला नेहमी उभा, साखळीनं बांधलेला. टेम्पोतून आडवा आलाच, तर उभा करून काही तास निवू द्यायचा, मग व्हॉल्व्ह उघडायचा. तासाला बाटल्यातल्या गॅसच्या सातव्या भागापेक्षा जास्त गॅस खेचायचा नाही, हा नियमही इथूनच येतो. बाटल्यात ७ घनमीटर गॅस असेल तर तासाला १ घनमीटर. मोठं हीटिंग नोझल लावून एकाच बाटल्यावर ताण देण्यापेक्षा दोनतीन बाटले मॅनिफोल्डला, म्हणजे एका सामाईक पाइपला, जोडावेत.

या सच्छिद्र भरावामागे एका माणसाची मोठी किंमत आहे. स्वीडनचे गुस्ताफ दालेन यांनी दीपगृहांच्या दिव्यांसाठी ॲसिटिलीनवर काम केलं आणि बाटल्यात घालायचा टिकाऊ भराव तयार केला. १९१२ साली बाटल्यांच्या चाचण्या चालू असताना झालेल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली. त्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि ते घ्यायला त्यांचा भाऊ गेला. पुढे १९३७ मध्ये वारेपर्यंत त्यांनी आपली कंपनी चालवली. या गॅसचं अंतरंग ज्यांना सगळ्यांत जास्त माहीत होतं, त्या मोजक्या लोकांपैकी हे एक. आपण तर जेवायच्या घाईत असतो.

आता जेवणाच्या सुट्टीकडे वळू या. आपल्या पट्ट्यात टाक्या आणि व्हेसल बनवणारी बरीच वर्कशॉप आहेत. माणूस मॅनहोलमधून आत उतरतो, कटिंग करतो आणि एक वाजता बाहेर येताना टॉर्च आतच ठेवून येतो. नळ्या बाहेर ओढायच्या आणि तासाभरानं पुन्हा आत न्यायच्या, याचा कंटाळा. टॉर्चचा कॉक जुना असतो, पूर्ण मिटत नाही. गळतीचा आवाज आतल्या आत राहतो आणि बाहेर कुणाला वास येत नाही. हवेत एलपीजी पेटायला त्याचं प्रमाण साधारण २ ते साडेनऊ टक्क्यांच्या दरम्यान असावं लागतं. त्याहून जास्त झालं तर मिश्रण पेटत नाही. ॲसिटिलीन अडीच टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत पेटतो. म्हणजे त्या टाकीत गॅस थोडा असो की पुष्कळ, पेटायला तयारच. माणूस जेवून परत येतो, आत उतरतो आणि लायटर मारतो.

गळती ऑक्सिजनची असेल तरी बचाव नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. त्यात तीनचार टक्क्यांची भर पडली तरी सुती शर्ट, केस, हातमोजे झपाट्यानं पेट घेतात आणि विझता विझत नाहीत. उकाड्यात टाकीत गार वाटावं म्हणून ऑक्सिजनचा कॉक सोडणारे किंवा ऑक्सिजनच्या झोतानं कपड्यांवरची धूळ उडवणारे आजही भेटतात. त्यांना मी तिथल्या तिथे कामावरून बाजूला काढीन, मग मालक काही म्हणो. हवा हवी असेल तर ब्लोअर लावा. आणि टॉर्च, नळ्यांसकट, माणसाबरोबर बाहेर आली पाहिजे, मग सुट्टी दहा मिनिटांची का असेना.

काम थांबवण्याची रीतही नीट समजून घ्या. टॉर्चचे कॉक मिटले म्हणजे काम बंद झालं असं नाही. बाटल्यांचे व्हॉल्व्ह बंद करायचे, मग मोकळ्या हवेत एकेक नळी रिकामी करायची, गेजचा काटा शून्यावर येऊ द्यायचा, रेग्युलेटरचा स्क्रू सैल करायचा. ॲसिटिलीनचा व्हॉल्व्ह एका फेऱ्याहून जास्त उघडायचाच नाही आणि त्याची चावी काम चालू असेपर्यंत बाटल्यावरच राहू द्यायची. ती मिस्त्रीच्या खिशात आणि मिस्त्री टपरीवर, अशी वेळ नको.

नळीत उरलेल्या गॅसचं बोललो, तर तिथला दुसरा प्रकार आणखी वाईट आहे. कटिंगला ऑक्सिजनचा दाब ॲसिटिलीनपेक्षा बराच जास्त असतो. नोझल मळीनं तुंबलं की तो ऑक्सिजन पुढे जाण्याऐवजी मागे, ॲसिटिलीनच्या लाल नळीत शिरतो. लाल नळीत आता दोन्ही गॅसांचं मिश्रण बसलेलं असतं, गुपचूप. पुढच्या वेळी टॉर्च पेटवली की ज्योत मागे धावते. ‘टॉर्चनं फटाका मारला’ म्हणून पोरं हसतात ना, तो एकदोनदा टचकन येणारा आवाज म्हणजे बॅकफायर. नोझल तापलंय किंवा घाण झालंय, एवढं तो सांगतो. पण टॉर्चच्या आत शिट्टीसारखा आवाज सुरू झाला, काळा धूर आला, दांडा तापायला लागला, तर ज्योत आत जळते आहे. आधी टॉर्चवरचा ऑक्सिजन बंद, लगेच ॲसिटिलीन, मग दोन्ही बाटले. यासाठी टॉर्चच्या टोकाला गॅस मागे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरच्या टोकाला मागे धावणारी ज्योत अडवणारा फ्लॅशबॅक अरेस्टर हवा, दोन्ही नळ्यांना. एकदा आगीचा मार खाल्लेला अरेस्टर तपासल्याशिवाय पुन्हा वापरायचा नाही.

कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय आपल्याच सीबीडी बेलापूरला आहे आणि ४ मार्चचा सुरक्षा दिन आपल्या कारखान्यांतून मनापासून साजरा होतो. बिल्ले लागतात, शपथ होते, वडापाव येतो. शपथेला माझी हरकत नाही. पण त्या दिवशी प्रत्येक ट्रॉलीवरचे अरेस्टर कुणी मोजले, तर मला जास्त बरं वाटेल.

सकाळी टॉर्च पेटवण्याआधी प्रत्येक नळीतून काही क्षण गॅस सोडून द्यायचा, एकेका नळीतून, एकदम दोन्ही नाही. रात्रीत आत काय शिरलंय ते आपल्याला दिसत नसतं. पेटवायला चकमकीचा लायटरच. काडेपेटी, पेटता कागद, सिगारेट यांनी हात ज्योतीच्या फार जवळ जातो. लीक शोधायचा तो साबणाच्या पाण्यानं, काडी ओढून नाही. ऑक्सिजनच्या जोडांना तेल, ग्रीस, तेलकट चिंधी लागता कामा नये. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल ठिणगीवाचून पेटतं.

एसीची कामं करणाऱ्या मित्रांसाठी एक वेगळी गोष्ट. घोडबंदर रोडच्या टॉवरांत दिवसभर तुमचं ब्रेझिंग, म्हणजे तांब्याच्या नळ्यांचं जोडकाम, चालतं, आणि तुमच्या पिशवीत तांब्याच्या नळीचे तुकडे कायम पडलेले असतात. लाल नळी फाटली की तिच्यात असाच एक तुकडा घालून वर क्लिपा आवळायच्या, हा जुगाड फार सोपा वाटतो. ॲसिटिलीन तांब्याच्या आतून वाहिला की तांब्याचं ॲसिटिलाइड तयार होऊ शकतं, आणि ते वाळलेलं असताना घासल्यानं किंवा ठोकल्यानंही फुटतं. तांब्याची नळी बाहेरून ज्योतीनं तापवा, काही बिघडत नाही. तिच्यातून हा गॅस न्यायचा नाही. चांदी आणि पारा यांच्याशीही त्याचं असंच वाकडं आहे. जोडासाठी पितळी नायपल दुकानात मिळतं, पण ते वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानातलंच घ्या, कारण त्यात तांब्याचं प्रमाण मर्यादेत ठेवलेलं असतं. ॲसिटिलीनच्या नटाचे आटे डावे असतात आणि नटावर खाच असते, म्हणजे ते चुकून ऑक्सिजनला बसत नाहीत. बसत नाही म्हणून पान्याला पाइप लावून बसवणाऱ्यापुढे मात्र कुठलीच खाच टिकत नाही.

सोसायटीत ग्रिलच्या कामाला बाटले नेताना बंद व्हॅन किंवा गाडीची डिकी वापरू नका. अडीच टक्के म्हणजे किती, ते आठवा. बंद व्हॅनमध्ये रात्रभराची बारीकशी गळती पुरते, आणि सकाळी रिमोटनं कुलूप उघडताना किंवा आतला दिवा लागताना निघालेली ठिणगीही पुरते. उघडा टेम्पो, बाटले उभे, व्हॉल्व्हवर टोपी, रेग्युलेटर उतरवलेला. लिफ्टमधून न्यायचा असेल तर बाटल्यासोबत लिफ्टमध्ये माणसं नकोत. एका बाटल्यातून दुसऱ्यात गॅस ओतून घेणारे महाभागही आहेत. गॅस सिलिंडर नियम २०१६ प्रमाणे परवान्याशिवाय बाटला भरता येत नाही, आणि ॲसिटिलीनच्या बाबतीत तो नियम नसता तरी मी त्या गाळ्याच्या आसपास थांबलो नसतो.

काही छोट्या गॅरेजांत अजून कार्बाइडपासून ॲसिटिलीन बनवायची टाकी असते. कार्बाइड म्हटलं की वाशीचा फळबाजार आठवतो. फळं पिकवायला ते वापरायला कायद्यानं बंदी आहे. पाणी लागलं की कार्बाइडमधून ॲसिटिलीन निघतो, एवढीच त्याची करामत. २६ जुलै २००५ नंतर आपल्या भागात गाळ्यात पाणी शिरलं तर कुणाला नवल वाटत नाही. तेव्हा कार्बाइडचा डबा जमिनीवर नको, उंच फळीवर, झाकण घट्ट. छिन्नी-हातोडीनं तो उघडायचा नाही. कार्बाइडला आग लागली तर पाणी नाही, कोरडी वाळू.

आता शेवटचा मुद्दा, आणि हा वर्कशॉपमधल्यांइतकाच शेजारच्या गाळ्यातल्यांनीही ऐकावा. ॲसिटिलीनचा बाटला आगीत सापडला किंवा आतून तापला, तर बाहेरची आग विझली म्हणून तो शांत झाला असं समजू नका. आत गॅसचं विघटन सुरू झालेलं असेल तर ते बाहेरून काही दिसत नसतानाही कित्येक तास चालू राहू शकतं. बाटल्याला हात लावून पाहायचं नाही, हलवायचा नाही, ओढून रस्त्यावर न्यायचा नाही. आजूबाजूचे गाळे रिकामे करा, १०१ किंवा ११२ ला फोन लावा आणि पहिल्याच वाक्यात ‘ॲसिटिलीनचा बाटला आहे’ असं सांगा. किती आहेत, आगीपासून किती लांब आहेत, तेही सांगा. जवानांची सगळी आखणी त्यावर ठरते, कारण असा बाटला ते आडोशामागून, लांबूनच पाणी मारून थंड करतात, आणि पाणी थांबवल्यावर ओला पृष्ठभाग कुठे भराभर वाळतो ते पाहतात. जिथे वाळतो तिथे आत अजून उष्णता आहे. बाटला पूर्ण थंड झाल्यावरही तो ट्रॉलीवर परत येत नाही. त्यावर खडूनं ठळक खूण करायची, पुरवठादाराला काय घडलं ते स्पष्ट सांगायचं आणि त्याचा माणूस येईपर्यंत तो उघड्यावर, एकटाच ठेवायचा.

नमस्कार.