कमांडोज ते शॅडो गॅम्बिट: गार्डच्या नजरेची पंचवीस वर्षं

स्क्रीनवर हा जो हिरवा त्रिकोण सावकाश डावीकडून उजवीकडे फिरतोय ना, तो नीट बघा. हा १९९८ चा कमांडोज नावाचा कॉम्प्युटर गेम, सिरीजमधला पहिला, बिहाइंड एनिमी लाइन्स, माद्रिदच्या पायरो स्टुडिओजने बनवलेला. त्रिकोण म्हणजे एका जर्मन सैनिकाची नजर, गेमर लोक त्याला व्ह्यू कोन म्हणतात. जवळचा फिकट हिरवा भाग, तिथे पाय टाकला की तुम्ही दिसलातच. लांबचा गडद भाग, तिथे उभे असाल तर दिसाल पण पोटावर सरपटत गेलात तर सुटाल. वरून नकाशा बघत, गार्डची नजर चुकवत आपली माणसं पुढे न्यायची, असा हा गेम्सचा प्रकार, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत यात काय काय आलं, समुराई आले, काउबॉय आले, भुताटकीचं जहाज आलं, पण हा त्रिकोण काही कोणी काढला नाही. मग जुन्या आणि नव्या गेम्समध्ये नक्की बदललं काय? ग्राफिक्स सोडा हो, ते तर बदलणारच. माझ्या मते बदललं ते हे, की तुम्ही चुकलात तर गेम तुमच्याशी कसा वागतो.

पहिल्या कमांडोजमध्ये वीस मिशन्स आणि सहा माणसं. ग्रीन बेरे, स्नायपर, मरीन, सॅपर म्हणजे स्फोटकंवाला, ड्रायव्हर आणि स्पाय. त्यातला एक जरी मेला तरी मिशन खलास, परत पहिल्यापासून किंवा जिथे सेव्ह केलं असेल तिथून. आणि प्रत्येकाचं काम इतकं ठरलेलं की मरीनशिवाय पाण्याखालून कोणी जाणार नाही, स्पायशिवाय चोरलेला युनिफॉर्म घालून शत्रूशी गप्पा मारत कोणी उभं राहणार नाही, आणि ड्रायव्हर तर बऱ्याच मिशन्समध्ये गाडी हाताला लागेपर्यंत एका कोपऱ्यात पडून असायचा. त्यामुळे मिशन म्हणजे कुलूप होतं, किल्ली डेव्हलपरने आधीच बनवून ठेवलेली आणि तुम्ही ती शोधत बसायचं. दोन किल्ल्या असायच्या कधीकधी, पण फार नाही.

आता ग्रीन बेरेचं एक काम जवळून बघू. त्याच्याकडे एक छोटा रेडिओ असतो, आवाज करणारा. तो जमिनीवर ठेवायचा, स्वतः लांब जायचं, फावड्याने वाळूत किंवा बर्फात स्वतःला पुरून घ्यायचं आणि मग लांबूनच रेडिओ चालू करायचा. गार्डची नजर तिकडे वळते. आता तुमच्याकडे काही सेकंद आहेत, बाहेर या, मागून जा, चाकू, बॉडी उचला, कोपऱ्यात टाका, आणि हे सगळं होत असताना दुसरा गार्ड त्याच्या ठरलेल्या फेरीवर चालतोच आहे, तो तुमच्यासाठी थांबत नाही. बॉडी दिसली की अलार्म, आणि अलार्म झाला की बराकीतून माणसं बाहेर पडतात. तो भोंगा ऐकला की पोटात गोळा यायचा, आजही येतो.

आपल्याकडे ज्यांच्या घरी किंवा कॉलेजच्या मित्राकडे तेव्हा कॉम्प्युटर होता त्यांना अजून एक गोष्ट आठवत असेल, मिशनचे पासवर्ड. मिशन जिंकलं की पुढच्याचा पासवर्ड मिळायचा आणि तो वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचा. कोणाच्या वहीत कितवा पासवर्ड आहे यावर त्या पोराची इज्जत ठरायची.

मग २००१. कमांडोज २, मेन ऑफ करेज, आणि माझ्या दृष्टीने जुन्या काळातला सगळ्यात श्रीमंत गेम हाच. कारण जग एकदम उघडलं. बिल्डिंगच्या आत जाता यायला लागलं, खिडकीतून डोकावता यायला लागलं, कॅमेरा फिरवता यायला लागला. गार्डला मारायलाच पाहिजे असं राहिलं नाही, बुक्की मारून बेशुद्ध करा, दोरीने बांधा, खिसे तपासा. सिगरेटचं पाकीट रस्त्यात टाका, सैनिक ते उचलायला स्वतःची जागा सोडून येतो. यातलं कोल्डिट्झच्या किल्ल्याचं मिशन ज्यांनी खेळलंय त्यांना माहितीये, एकेका खोलीत काय आहे ते बघण्यातच संध्याकाळ जायची. तिथे असं वाटायचं की हे सैनिक तुमच्यासाठी उभे केलेले नाहीत, त्यांचं त्यांचं काहीतरी चालू आहे आणि तुम्ही मधे घुसलाय. ही जी भावना आहे ना, ती नंतरच्या फार कमी गेम्सनी दिली. तक्रार एकच, कंट्रोल्स फार अवघड, इतकी बटनं की नवीन माणूस ट्रेनिंगमध्येच पळून जाईल.

त्याच वर्षी जर्मनीच्या स्पेलबाउंडने डेस्पेराडोज आणला, तोच साचा पण वाइल्ड वेस्टमध्ये. पुढच्या वर्षी त्यांचाच रॉबिन हूड आला. २००३ ला कमांडोज ३. आणि २००६ ला सगळं कोसळलं असं म्हटलं तरी चालेल, कारण कमांडोजचं नाव लावून स्ट्राइक फोर्स नावाचा फर्स्ट पर्सन शूटर, म्हणजे सैनिकाच्या डोळ्यांतून बघत गोळ्या झाडायचा गेम काढला, आणि डेस्पेराडोज २ थ्रीडीच्या नादात हरवला. ज्यांना वरून नकाशा बघत डोकं लावायचं होतं त्यांच्या हातात बंदूक दिली. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं या जॉनरमध्ये मोठं असं काही नाही, लोक जुनेच गेम परत परत खेळत होते.

डिसेंबर २०१६. म्युनिकच्या मिमिमी नावाच्या छोट्या स्टुडिओने शॅडो टॅक्टिक्स, ब्लेड्स ऑफ द शोगुन काढला. १६१५ चं जपान, पाच माणसं, हायातो, युकी, मुगेन, आयको, ताकुमा. व्ह्यू कोन तोच, फक्त लांबच्या भागात आता पट्टे आहेत, तिथे वाकून चाललं की चालतं. पण स्क्रीनवर ते घड्याळ बघा. शेवटचं क्विक सेव्ह, म्हणजे एका बटनावर होणारं सेव्ह, करून किती वेळ झाला ते दाखवतंय. एक मिनिट उलटलं की त्याचा रंग बदलतो, सेव्ह करा म्हणून तुमच्या मागे लागतं. मला वाटतं हा एक छोटासा आकडा या जॉनरच्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल आहे. कारण जुन्या काळात सारखं सेव्ह लोड करणं, म्हणजे फसलं की सेव्ह केलेल्या क्षणाला परत जाणं, म्हणजे चीटिंगच अशी एक भावना होती, मित्र विचारायचे, किती वेळा लोड केलंस? मिमिमीने सरळ सांगितलं की प्रयोग करा, फसा, मागे या, परत करा, हाच खेळ आहे. चुकीची शिक्षा एका मिनिटावर आणली. आणि शिक्षा कमी झाली की माणूस धाडस करायला लागतो, पाच गार्ड उभे असलेल्या चौकात घुसून बघू काय होतं असं म्हणायला लागतो, जे १९९८ ला कोणी स्वतःहून केलं नसतं.

दुसरा बदल म्हणजे शॅडो मोड. प्रत्येक माणसाला एकेक काम नेमून द्यायचं आणि एका बटनावर सगळ्यांनी एकदम करायचं. युकी बासरी वाजवून एकाला सापळ्याकडे ओढते, हायातो वरून शुरिकेन म्हणजे धारदार चांदणी फेकतो, मुगेन उरलेल्यांवर पडतो, एका क्षणात चौक रिकामा. २०२० च्या डेस्पेराडोज ३ मध्ये, तोही मिमिमीचाच, हे अजून पुढे नेलं, तिथे शोडाउन मोड लावला की वेळच थांबते. आता इथे माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं खरंच. जुन्या कमांडोजमध्ये प्लॅन डोक्यात पक्का असला तरी हात थरथरायचा, एकाला मारून दुसऱ्या माणसावर जाईपर्यंत सेकंद निघून जायचा, आणि जमलं तर जी मजा यायची ती वेगळीच. पण वेळ थांबल्यामुळे डिझायनरला जास्त अवघड कोडी घालता आली हेही खरं. आणि डेस्पेराडोज ३ च्या सगळ्यात अवघड लेव्हलवर शोडाउनमध्ये वेळ थांबत नाही, म्हणजे जुन्या लोकांची आठवण त्यांनी ठेवली होती.

डेस्पेराडोज ३ मधली इझाबेल बघा. ती जादूने दोन माणसांना एकमेकांशी जोडते आणि मग त्या दोघांचं नशीब एक होतं. बाल्कनीत उभा असलेला गार्ड, ज्याच्यापर्यंत तुम्ही कधीच पोचू शकत नाही, त्याला खाली गल्लीतल्या एकट्या माणसाशी जोडा, गल्लीतल्याला संपवा, बाल्कनीतला आपोआप पडतो. कोण कोणाशी जोडायचा हे पूर्णपणे तुमच्यावर. इथे किल्ली तुम्ही घडवता. आणि मिशन संपल्यावर तुमचा सगळा रस्ता नकाशावर फास्ट फॉरवर्ड करून दाखवतात, ते बघताना इतकं बरं वाटतं की मी एकही रीप्ले स्किप केलेला नाही.

ऑगस्ट २०२३ ला आला शॅडो गॅम्बिट, द कर्स्ड क्रू. शापित चाचे, रेड मार्ली नावाचं जिवंत जहाज, आणि सेव्ह लोड हीच कथेतली जादू, जहाज क्षण जपून ठेवतं आणि परत देतं. आठ जणांतले तीन निवडा, बेटावर कुठून उतरायचं तेही निवडा. इतकं स्वातंत्र्य आधी कोणी दिलं नव्हतं. पण याची किंमत आहे, आणि ती मला जाणवली. कुठलेही तीन जण आले तरी बेट पार करता आलं पाहिजे म्हटल्यावर बेट थोडं सगळ्यांसारखं होतं, शिवाय तीच बेटं वेगळ्या मिशनला परत येतात. कोल्डिट्झसारखी डोक्यात घर करून बसणारी जागा मला तिथे सापडली नाही. म्हणून मला विचाराल तर जुनं आणि नवं यांचा सगळ्यात चांगला मेळ डेस्पेराडोज ३ मध्येच बसलाय.

आणि शॅडो गॅम्बिट येऊन दोन आठवडे झाले नाहीत तोवर मिमिमीने जाहीर केलं की स्टुडिओ बंद करतोय. गेम बनवायचा वाढता खर्च, आणि वर्षानुवर्षं असं काम करून स्वतःवर आणि घरच्यांवर आलेला ताण, असं कारण त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. डिसेंबरमध्ये जाता जाता दोन डीएलसी, म्हणजे गेमला नंतर जोडायचे भाग, दिले, त्यातल्या एकात शॅडो टॅक्टिक्समधली युकी परत आणली. या जॉनरला मेलेल्यातून उठवणारी ही माणसं, आणि त्यांना हे परवडलं नाही, याचं मला अजूनही वाईट वाटतं. कारण असं बघा, एका नकाशावर साठसत्तर गार्ड, प्रत्येकाची फेरी, कोण कोणाला बघतोय, ते सगळं हाताने बसवावं लागतं, एक गार्ड हलवला की चार ठिकाणी गणित बिघडतं. हे काम १९९८ लाही महाग होतं आणि आजही आहे.

एप्रिल २०२५ मध्ये कमांडोज ओरिजिन्स आला, क्लेमोर गेम स्टुडिओजचा, कॅलिप्सोने काढलेला. तेच सहा जण, त्यांची सुरुवातीची गोष्ट. आणि गंमत बघा, कमांड मोडमध्ये वेळ थांबवून कामं नेमून देता येतात, म्हणजे जो मिमिमी कमांडोज बघून शिकला त्याच्याकडून आता कमांडोज शिकतोय. दोन जणांनी मिळून खेळायची सोयही आहे.

नवीन कोणी सुरू करणार असेल तर शॅडो टॅक्टिक्सपासून करा, जुन्यापासून नको, वैतागाल. मग डेस्पेराडोज ३. आणि हे दोन झाले की १९९८ चा कमांडोज लावा, आता तुम्हाला गार्डची फेरी वाचता येते, त्यामुळे तो अन्याय वाटणार नाही. पहिलं मिशन नॉर्वेत आहे, रेडिओ रिले स्टेशन उडवायचंय, आणि तिथे सेव्हची आठवण करून द्यायला वर कुठलंही घड्याळ नाहीये, तेवढं लक्षात ठेवा.