एकाच भट्टीत दोन स्फटिक

[दृश्य: क्वार्ट्झच्या नळीभोवती लालबुंद भट्टी]

नळीच्या एका टोकाला गंधकाची पिवळी पूड, पुढे मॉलिब्डेनम आणि टंगस्टनची. पूड तापते, तिची वाफ आर्गॉन वायूबरोबर वाहत जाते आणि सिलिकॉनच्या चकतीवर बसते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात ते इवले त्रिकोण. प्रत्येक त्रिकोण एक स्फटिक; जाडी एका नॅनोमीटरहूनही कमी.

इतके पातळ थर एकावर एक ठेवले, तर त्यांच्यात रासायनिक बंध तयार होत नाही. व्हॅन डर वाल्स बलाच्या हलक्याशा ओढीनं ते एकमेकांना धरून राहतात. म्हणून ज्यांची अणूंची मांडणी जुळत नाही, असे पदार्थही एकत्र नांदतात. सिलिकॉनवर गॅलियम आर्सेनाइड हा दुसरा अर्धवाहक वाढवताना ही मुभा नसते. तिथे अणूंमधल्या अंतरातली 4 टक्क्यांची तफावतही स्फटिकात दोष पाडते. जपानमध्ये अत्सुशी कोमा यांनी न जुळणारे थर वाढवण्याची ही वाट 1980 च्या दशकातच दाखवली होती. ग्राफीनच्या, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थराच्या गाजावाजात त्यांचं नाव मागे पडलं.

2004 साली मँचेस्टरमध्ये चिकटपट्टीनं ग्राफीन सोललं गेलं आणि पुढे थर हातानं रचण्याचं तंत्र आलं. नमुने उत्तम बनतात, पण एकेक तुकडा उचलून ठेवत कारखाना कसा चालणार? शिवाय थरांमध्ये मळ अडकतो, बुडबुडे धरतात.

[दृश्य: त्रिकोणाच्या आत दुसरा त्रिकोण]

म्हणून थर थेट वाढवायचे. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या गटानं 2014 मध्ये दाखवलेला प्रयोग मला यातला सर्वांत देखणा वाटतो. मॉलिब्डेनम आणि गंधकाचं संयुग, मॉलिब्डेनम डायसल्फाइड, आधी वाढतं; टंगस्टनचं तसंच संयुग, टंगस्टन डायसल्फाइड, मागून येतं. ते कुठे बसेल, हे ठरवतं तापमान. 850 अंश सेल्सिअसला ते पहिल्या थराच्या डोक्यावर चढतं. 650 अंशांना मात्र त्याच्या कडेला चिकटून त्याच पातळीत पसरतं, आणि दोन अर्धवाहकांचा सांधा आयताच तयार होतो.

अडचणही तापमानाचीच. हे थर तयार चिपवर वाढवायचे, तर तिच्यातल्या धातूच्या तारा साधारण 400 अंशांपलीकडे टिकत नाहीत. 2023 मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी भट्टीचेच दोन भाग केले: गंधकाचं संयुग तप्त भागात फोडायचं, चिप 300 अंशांखालच्या भागात उभी ठेवायची. मॉलिब्डेनम डायसल्फाइड 8 इंची चकतीभर वाढलं. अर्थात, तो एकाच पदार्थाचा थर होता, जोडी नव्हे.