एक आडनाव, पाच फडके

पुण्यात फडके हौद चौक विचारला, तर कोणीही बोट दाखवून वाट सांगतो. पण ते फडके कोण, असे विचारले की उत्तर देणारे थोडेच निघतात. पेशवाईतील सरदार हरिपंत फडके नाना फडणवीसांच्या विश्वासातले होते आणि 1792 मध्ये टिपूविरुद्धच्या मोहिमेत मराठी फौज घेऊन श्रीरंगपट्टणपर्यंत गेले होते. आज रिक्षावाल्याच्या तोंडी त्यांचे आडनाव तेवढे उरले आहे.

याच आडनावाच्या दुसऱ्या पुरुषाचा मात्र नावानिशी उल्लेख होतो, आणि तोही वडिलांच्या नावासकट. रायगड जिल्ह्यातील शिरढोण येथे 1845 मध्ये जन्मलेले वासुदेव बळवंत फडके पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. 1876-77 च्या दुष्काळात होरपळलेली खेडी पाहिल्यावर त्यांनी रामोशी आणि इतर तरुणांना जमवून 1879 मध्ये इंग्रजांविरुद्ध बंड उभारले. ते काही महिनेच टिकले. त्याच वर्षी जुलैमध्ये ते पकडले गेले. पुण्यात खटला चालला, सार्वजनिक काका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गणेश वासुदेव जोशी यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, पण जन्मठेप टळली नाही आणि त्यांची रवानगी एडनला झाली. तिथे त्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांतून निखळवून पळ काढला. ते पुन्हा पकडले गेले आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी तुरुंगातच त्यांचे निधन झाले. ‘आद्य क्रांतिकारक’ ही उपाधी आता त्यांच्या नावाला इतकी चिकटली आहे की तिच्यामागे दुष्काळाने व्याकुळ झालेला एक कारकून होता, याचा काहीसा विसर पडतो.

ना. सी. फडके यांच्या वाट्याला याहून विचित्र स्मरण आले. ज्यांच्या कादंबऱ्यांवर एके काळी तरुण वाचकांच्या उड्या पडत, ते आज मुख्यतः ‘कलेसाठी कला’ या बाजूचे वकील म्हणून, ‘जीवनासाठी कला’ म्हणणाऱ्या वि. स. खांडेकरांच्या नावाला जोडून, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत भेटतात. एवढ्या लोकप्रिय लेखकाची ओळख एका वादापुरती उरावी, हे अन्यायाचेच आहे.

सुधीर फडके यांची आठवण मात्र कानांनी जपली. कोल्हापुरात 1919 मध्ये जन्मलेल्या या गायक-संगीतकाराचे मूळ नाव रामचंद्र. 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून गदिमांची रामकथा, म्हणजे ‘गीतरामायण’, त्यांच्या चालींतून आठवड्याला एक गीत याप्रमाणे घरोघर पोहोचू लागली आणि वर्षभरात 56 गीते झाली. आकाशवाणीवर ती अनेक गायकांनी मिळून गायिली होती. पुढे रंगमंचावर पेटी समोर घेऊन बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, सगळी पात्रे एकटेच गाऊ लागले, तेव्हा श्रोत्यांना तोच आवाज मूळचा वाटू लागला. 1954 च्या दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात ते स्वतः उतरले होते, हे मात्र त्यांच्या गाण्यांवर जीव टाकणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते.

इतिहासकार य. दि. फडके यांच्या नावाचे नाट्य झाले नाही. विसाव्या शतकातील महाराष्ट्राचा इतिहास त्यांनी खंडामागून खंड लिहून, कागदपत्रे तपासत उभा केला. 2000 मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. पण त्यांची खरी आठवण होते ती सीमाप्रश्नावर किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या जुन्या भूमिकेवर वाद पेटला की. तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक ग्रंथालयात त्यांचेच खंड मागतात.