नमस्कार लिहिलं, मस्कार उमटलं

[काळा पडदा. डाव्या कडेला एकाखाली एक लहरी चिन्हं. वरच्या ओळीत कर्सर लुकलुकतोय.]

हा व्हिम, मजकूर लिहायचा आणि सुधारायचा प्रोग्रॅम, म्हणजे एडिटर. प्रशिक्षण वर्गातली ही मुलगी तो आज पहिल्यांदा बघते आहे. तिला फक्त नमस्कार लिहायचंय, रोमन अक्षरांत.

[बोटांचा क्लोजअप.]

एन. यंत्र कुरकुरतं. ए. पडद्यावर अक्षर नाही, पण तळाशी ‘इन्सर्ट’ असा शब्द येतो. तिचं लक्ष तिकडे नाही. एम, ए, एस, के… आणि पडद्यावर उमटतं, मस्कार.

मध्ये काहीही कापलेलं नाही. व्हिमने पहिल्या दोन बटणांचा अर्थ स्वतःच्या पद्धतीने लावला. एन म्हणजे मागच्या शोधातलं पुढचं ठिकाण दाखव. ए म्हणजे कर्सरच्या पुढे लिहायला घे. तिसऱ्या बटणापासून तिची अक्षरं अक्षरं झाली.

व्हिम नुसता उघडला तर स्वागताचं पान दिसतं. बाहेर पडायचं कसं, मदत कुठे, सगळं त्यावर असतं. फाइलचं नाव देऊन उघडला की ते पान येत नाही. आणि नवखा माणूस इथे येतो तो बहुतेक फाइलच्याच वाटेने. दुसऱ्याच कुठल्या तरी प्रोग्रॅमने त्याला परस्पर इथे आणून सोडलेलं असतं.

[जुन्या टर्मिनलच्या कीबोर्डचं छायाचित्र. कॅमेरा हळूहळू मधल्या ओळीवर.]

हे चित्र जरा वेळ बघू या. लिअर सीग्लर कंपनीचा एडीएम-3ए टर्मिनल, म्हणजे दूरच्या संगणकाला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड. एच, जे, के, एल ही चार बटणं बघा. अक्षरांबरोबर त्यांवर बाण छापलेत. डावा, खाली, वर, उजवा. बाणांची वेगळी बटणं या कीबोर्डवर नाहीतच. आता क्यूच्या डावीकडे. आज जिथे टॅब असतं, तिथे एस्केप आहे, लिहिणं थांबवून आदेशांकडे परतायचं बटण, करंगळीच्या अगदी टप्प्यात.

1976 च्या सुमारास बर्कलीत बिल जॉय यांनी व्हिमचा पूर्वज व्हीआय लिहिला तो अशा टर्मिनलवर. जोडणी 300 बॉडच्या मोडेमची. म्हणजे सेकंदाला साधारण 30 अक्षरं. 80 अक्षरांच्या 24 ओळी भरायच्या तर एक मिनिटाहून जास्त वेळ. अशा जागी एकेका अक्षरात आदेश देणं ही काटकसर होती. त्यात विक्षिप्त काही नव्हतं. एस्केप दूर कोपऱ्यात गेलं, बाणांची बटणं आली, मोडेम गेला. सवय तेवढी राहिली, कारण ती आता कीबोर्डवर नव्हती, बोटांत होती.

[एका ज्येष्ठ प्रोग्रॅमरचे हात. कर्सर ओळींवरून उड्या मारतोय.]

हे हात 25 वर्षं व्हीआय आणि व्हिमवर बसलेत. आम्ही विचारलं, आत्ता तुम्ही काय दाबलंत? ते थांबले. हात पुन्हा कीबोर्डवर ठेवून करून बघितलं आणि मग सांगितलं. तोंडाला आठवत नव्हतं.

[ईमॅक्सचा पडदा.]

त्याच 1976 सालचं एडिटरांचं दुसरं घराणं, ईमॅक्स. एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांच्या हातून सुरू झालेलं. इथे आमच्या मुलीने टाइप केलेलं थेट उमटतं. ती खूश. एक ओळ निवडते, कंट्रोल-एक्स दाबते. काही होत नाही. मग घाईने कंट्रोल-सी.

[खिडकी नाहीशी होते. मुलगी कॅमेऱ्याकडे बघते.]

कापा आणि कॉपी करा, एवढंच तिच्या मनात होतं. ईमॅक्समध्ये ही दोन बटणं लागोपाठ दाबली की त्याचा अर्थ, निघतो आम्ही. कंट्रोल-एक्स हा तिथे शेकडो आदेशांचा दरवाजा आहे. तो कापायला दिला, तर जुन्यांची अर्धी वाक्यं तुटतात. मग तोडगा निघाला तो मला फार आवडतो. क्युआ मोड नावाची सोय चालू केली की मजकूर निवडलेला असताना कंट्रोल-एक्सनंतर ईमॅक्स 0.2 सेकंद वाट बघतो. तेवढ्यात दुसरं बटण आलं तर समोर जुना माणूस आहे. नाही आलं तर कापायचंय. मेख एवढीच, की ही सोय मुळात बंद असते आणि चालू करायला ती आहे हे आधी ठाऊक असावं लागतं!

कीबोर्डवरून निवडलेला मजकूर रंगून दिसावा, ही गोष्ट ईमॅक्समध्ये डीफॉल्ट, म्हणजे न सांगताच चालू, झाली ती 23व्या आवृत्तीत, 2009 साली. निवडलेल्या मजकुरावर टाइप केलं तर जुना मजकूर जावा, हे अजूनही डीफॉल्ट नाही.

पण ईमॅक्सला नवख्यांची काळजीच नाही असं म्हणायची सोय नाही. हे बघा.

[खालच्या भागात एक सूचना उघडते.]

काही आदेश त्याने मुद्दाम कुलूपबंद ठेवलेत. पहिल्यांदा दाबलेत की सांगतो, हा आदेश बंद आहे, नवख्यांचा यात गोंधळ उडतो. मग विचारतो, एकदाच वापरून बघायचा की नेहमीसाठी उघडायचा? जाणत्याने एकदा हो म्हटलं की उत्तर त्याच्या स्वतःच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून ठेवलं जातं, पुन्हा विचारणं नाही.

डीफॉल्टच्या भांडणात मला ही फाइलच महत्त्वाची वाटते. जुन्या माणसाकडे ती असते, वर्षानुवर्षं साठवलेली. त्याला एखादं डीफॉल्ट खुपलं तर एक ओळ घालून तो मोकळा. नवख्याला अशी फाइल असते हेच माहीत नसतं. जे समोर आलं तोच त्याच्या लेखी एडिटर.

व्हिमच्या 8.0 आवृत्तीने 2016 मध्ये नेमका हाच धागा पकडला. ज्याच्याकडे व्हिमआरसी, म्हणजे व्हिमच्या सेटिंगची स्वतःची फाइल नाही, त्यालाच नवे डीफॉल्ट. रंगीत अक्षरं, टाइप करताकरता शोध, माउस. ज्याची फाइल आहे त्याच्या केसालाही धक्का नाही.

[आमचे ज्येष्ठ प्रोग्रॅमर हसतात.]

“माझ्या मशीनवर माझी फाइल आहे,” ते म्हणतात. “सर्व्हरवर कुठून आणू?”

[टर्मिनलची खिडकी. माउसने दोन ओळी ओढल्या जातात.]

परक्या सर्व्हरवर तेही फाइलशिवायचे, म्हणजे नवखेच. पूर्वी माउसने मजकूर निवडला की तो टर्मिनल उचलायचं. आता मध्येच व्हिम उचलतो आणि दुसऱ्या खिडकीत चिकटवायला हाती काहीच लागत नाही. शिफ्ट दाबून धरलं तर जुनी रीत चालते, हे त्यांना दोन दिवसांनी कळलं. अशा तक्रारी बऱ्याच झाल्या. व्हिममधूनच फुटून निघालेल्या नीओव्हिमने 2022 मध्ये माउस डीफॉल्ट केला, तेव्हा उजव्या क्लिकच्या मेनूतच एक ओळ देऊन ठेवली. माउस बंद कसा करायचा.

[नॅनोचा पडदा. तळाच्या दोन ओळी मोठ्या दिसतात.]

आता नॅनो. सगळ्यांत सोपा म्हणून याचंच नाव सांगतात. फेडोरा या लिनक्स प्रणालीने 2020 मध्ये 33व्या आवृत्तीत व्हीआयच्या जागी यालाच डीफॉल्ट केलं. तळाशी कायम दोन ओळींची मदत असते, त्यात बाहेर पडायचं बटणही. मुलगी वाचते, वरचं टोपीसारखं चिन्ह आणि एक्स. शिफ्ट धरून सहाचं बटण दाबते. टोपी उमटते. मग एक्स. तोही उमटतो.

[मागून कुणीतरी सांगतं, “टोपी म्हणजे कंट्रोल.”]

मीही एके काळी हेच केलं होतं. माझ्या मागे कुणी उभं नव्हतं.

नॅनोलाही जुने लोक आहेत. 2024 च्या 8.0 आवृत्तीत कंट्रोल-एफ या बटणावर शोध आला. आधी त्या बटणाने कर्सर एक अक्षर पुढे जायचा. कापणं, कॉपी, चिकटवणं यांची आजची नेहमीची बटणं मात्र वेगळा पर्याय दिला तरच मिळतात. आणि एक गंमत. प्रोग्रॅमच्या नावाचं पहिलं अक्षर ई असेल, तर हा पर्याय आपोआप लागू होतो. तोच नॅनो, ई नावाने बोलावला की नव्या रीतीने वागतो.

[पुन्हा वर्ग. मुलगी आणि ज्येष्ठ प्रोग्रॅमर सर एकाच पडद्यासमोर. नुकताच बसवलेला व्हिम, त्यात रंगीत प्रोग्रॅम.]

दुपारपर्यंत तिला आयने लिहायला घेणं, एस्केपने थांबणं आणि बाहेर पडणं जमलंय. आता तिला ओळींचे आकडे हवेत. कुणीतरी सांगतं, व्हिमआरसी नावाची फाइल कर, त्यात एक ओळ लिही. ती लिहिते आणि व्हिम पुन्हा उघडते.

[आकडे आलेत. सगळी अक्षरं एकाच रंगाची.]

“सर, रंग कुठे गेले?”

तिची स्वतःची फाइल झाली. व्हिमच्या हिशेबात ती आता नवखी नाही, म्हणून नवख्यांसाठीचं सगळं काढून घेतलं गेलं.

सर खुर्ची ओढून घेतात. ते डीफॉल्ट परत मागवणारी एक ओळ सांगतात, ती टाइप करते. रंग येतात. माउसही परत येतो. ती माउसने एक परिच्छेद निवडते आणि उडवते.

“बाकी सगळं आवडलं ना?” सर विचारतात.

ती मान डोलावते. माउस हातातच आहे.