बंद केलेलं दार, नोव्हेंबरात उघडलं

(दृश्य: तडा गेलेला फोन, ‘जागा शिल्लक नाही’ हा संदेश)

हा फोन 8 जीबीचा. बरीचशी जागा अँड्रॉइडनेच खाल्लेली. उरलेल्यात व्हॉट्सअ‍ॅप आणि घरच्यांचे फोटो. नवं अ‍ॅप घ्यायचं तर आधी काहीतरी पुसायचं.

अंगठा कुठे थांबलाय, बघा.

(दृश्य: बेंगळुरूचे रस्ते, सकाळ)

2015 साल. बेंगळुरूच्या फ्लिपकार्टने मोबाइलवरची वेबसाइट बंद केली. ब्राउझरमधून गेलात की उत्तर एकच: अ‍ॅप घ्या. त्यांच्याच मिंत्राने तर मे महिन्यात कॉम्प्युटरवरची साइटही मिटवली.

नोव्हेंबरात फ्लिपकार्ट वेबवर परतलं, मिंत्राची साइट 2016 मध्ये. नाव फ्लिपकार्ट लाइट, जात प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप, म्हणजे अ‍ॅपसारखी वागणारी वेबसाइट. हा शब्दही त्याच वर्षीचा. गूगलचे इंजिनिअर अ‍ॅलेक्स रसेल आणि डिझायनर फ्रान्सिस बेरिमन यांनी दिलेला.

(दृश्य: याच जातीचं आमचं नमुन्याचं ऑनलाइन दुकान, बोट विमान मोडवर)

नेट बंद. पान तरी उघडलं.

पहिल्या भेटीत ब्राउझर एक छोटी स्क्रिप्ट ठेवून घेतो, सर्व्हिस वर्कर. पुढच्या वेळेपासून पानाची प्रत्येक मागणी आधी त्याच्याकडे जाते. साठवलेलं असेल ते तो तिथल्या तिथे काढून देतो, नसेल तेवढ्यासाठीच नेटवर धावतो. वाण्याकडचा पोऱ्या असाच असतो. साबण फळीवर दिसत असताना तो गोदामात कशाला जाईल?

(दृश्य: होम स्क्रीनवर चिन्ह बसताना)

नाव, चिन्ह, रंग हे मॅनिफेस्ट नावाच्या फाइलमधून येतं. प्ले स्टोअर वाटेत लागतच नाही.

गूगलने फ्लिपकार्ट लाइटचे आकडे प्रसिद्ध केले. लोक साइटवर तिप्पट वेळ थांबले. या चिन्हावरून आलेल्यांमध्ये खरेदीचं प्रमाण 70 टक्क्यांनी जास्त. अर्थात, चिन्ह ठेवून घेणारं गिऱ्हाईक मुळात पक्कंच असणार.

(दृश्य: आयफोन, सफारी)

इथे मात्र रखडपट्टी. 2007 मध्ये स्टीव्ह जॉब्स डेव्हलपरांना सांगत होते, वेब अ‍ॅप बनवा. पुढच्याच वर्षी अ‍ॅप स्टोअर आलं. सर्व्हिस वर्करसाठी आयफोनने 2018 उजाडवलं, वेब अ‍ॅपच्या नोटिफिकेशनसाठी 2023. तीही चिन्ह होम स्क्रीनवर ठेवलं तरच.

आयफोनला ब्लूटूथचं यंत्र जोडायचंय, पडदा बंद असताना जीपीएस चालू ठेवायचंय, तर स्टोअरमधलं नेटिव्ह अ‍ॅपच घ्या.

(दृश्य: पुन्हा तोच फोन, फोटोंची गॅलरी)

आमच्या दुकानाचं चिन्ह बसलं. फोटो एकही पुसला नाही.